राखण

दाराच्या चौकटीशेजारी, खांद्याच्या उंचीवर, खिळ्याला अडकवलेला एक लहानसा पेला. कधी तो प्लास्टिकचा असतो, कधी कापून गुळगुळीत केलेला बांबूचा तुकडा, कधी पाण्याच्या बाटलीचा नुसता तळ. जावा बेटावरच्या खेड्यांतून संध्याकाळी चालत गेलं की घरोघर असं काहीतरी टांगलेलं दिसतं. पूर्वी दिवेलागणीला त्यात मूठभर तांदूळ पडत. आता बहुतेक गावांत पाचशे रुपियाचं नाणं पडतं. आपल्या हिशेबाने तीन रुपयेही नाहीत. मध्यरात्रीनंतर गस्तीची माणसं येतात, पेला उपडा करतात, वहीत खूण करतात आणि पुढच्या दाराशी जातात. याला जिंपितान म्हणतात. महिन्याअखेरीला या चिल्लरीतून गल्लीतला दिवा दुरुस्त होतो, मयताच्या वेळी लागणाऱ्या खुर्च्या आणि मांडव येतो, दवाखान्यातल्या माणसाला भेटायला जाताना न्यायचं पाकीट भरतं.

पेल्याला झाकण नसतं. येणाऱ्याजाणाऱ्या कुणालाही त्यातलं नाणं उचलता येईल, आणि कुणी उचलत नाही, याचं मला सुरुवातीला फार अप्रूप वाटे. पुढे उमगलं की नाण्यापेक्षा त्या निमित्ताने दारापर्यंत येणाऱ्या पावलांना मोल आहे. रोज रात्री कुणीतरी प्रत्येक दाराशी येऊन जातं. कडी लागली आहे का, मागचा दिवा जळतो आहे का, आत कुणी कण्हतंय का, हे त्याला न विचारता कळतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याचा पेला लागोपाठ रिकामा राहू लागला तर सकाळी शेजारीण जाऊन दार वाजवते. घराची, गोठ्याची आणि आतल्या जिवाची अशी रोजच्या रोज विचारपूस होते.

मी भाषा शिकायला योग्याकार्ताला गेले आणि शहरात खोली न घेता उत्तरेला स्लेमान जिल्ह्यात, मेरापी ज्वालामुखीच्या दक्षिण उतारावरच्या एका वाडीत राहिले. पहाटे आभाळ निरभ्र असलं की शिखरावरून निघालेली धुराची पांढरी रेघ दिसे. ऊन चढू लागलं की ढग येऊन डोंगर झाकून टाकत, आणि मग तो तिथे नाहीच अशा थाटात गावाचा दिवस चाले. खाली भाताची खाचरं, वर सालाक या फळाच्या काटेरी बागा, मधून खळखळणारे पाट. ज्यांच्या घरी मी राहिले त्यांना सगळी वाडी म्बाह म्हणे. जावामध्ये आजीला आणि आजोबांना ही एकच हाक आहे. नवरा वारलेला, मुलगी हाँगकाँगला घरकामाला, मुलगा जकार्त्याजवळच्या कारखान्यात. म्बाह एकटीच राहायची. घर जुनं, चारी बाजूंनी उतरत्या कौलांचं. पुढच्या भिंती विटांच्या, मागच्या विणलेल्या बांबूच्या. भोवती पकारांगान, म्हणजे घराभोवतीचं परस: नारळ, केळी, पपई, मेलिंजोची झाडं, कसावाचे दोन वाफे, पायात घोटाळणाऱ्या कोंबड्या. कुंपण नव्हतं. हद्दीवर लालसर पानांची झुडपं ओळीने लावलेली होती, तीच खूण. शेजारची मुलं शाळेत जाताना म्बाहच्या परसातून जात, कारण ती वाट जवळची होती. त्या वाटेवर गवत कधी उगवत नसे, आणि म्बाह रोज सकाळी हिराच्या झाडूने आपल्या अंगणाबरोबर तीही झाडून काढी.

रात्री नऊच्या सुमारास तिचा पुतण्या मोटरसायकल ढकलत पुढच्या खोलीत आणून लावी. टीव्ही, लग्नाचे फोटो, भिंतीवर काबेचं चित्र, आणि या सगळ्यांच्या मधोमध इंजिन अजून गरम असलेली गाडी. तिथल्या खेड्यांत हे घरोघर चालतं. कुटुंबाची सगळ्यांत महाग चीजवस्तू तीच असते, बहुतेकदा हप्त्यांवर घेतलेली, आणि चोरांचाही डोळा तिच्यावरच असतो. म्बाहच्या लहानपणी हा मान बैलाचा होता. तो घरातच बांधत. रात्री त्याच्या गळ्यातल्या लाकडी घंटेचा आवाज बराच वेळ आला नाही तर तिचे वडील अंधारातच उठून बसत. हे सांगताना ती गाडीच्या सीटवरून असा हात फिरवी की बैल आणि गाडी यांच्यात तिने फारसा फरक केलेला नाही हे दिसे.

वाडीच्या तोंडाशी गार्डू होतं, म्हणजे गस्तीची चौकी. चार खांब, वर कौलं, पुढून उघडी, आत बांबूची माच. आढ्याला टांगलेलं केंतोंगान: फणसाच्या लाकडाचा हातभर लांब ओंडका, आतून पोखरलेला, अंगावर एक उभी खाच. ठोकायला शेजारी काठी. भिंतीवर दोन फलक होते. एकावर ठोक्यांचे अर्थ रंगवलेले. एकेक सुटा ठोका म्हणजे कुणाचा तरी मृत्यू. दोन-दोन म्हणजे चोरी, तीन-तीन म्हणजे आग, चार-चार म्हणजे पूर किंवा भूकंपासारखं संकट, पाच-पाच म्हणजे जनावर चोरीला गेलं. संथ सुरू होऊन जलद होत जाणारी आणि पुन्हा संथावणारी लय म्हणजे सगळं क्षेमकुशल आहे. अंथरुणात पडल्या पडल्या माणसाला कळतं की उठायचं की कूस बदलायची, आणि उठायचं तर हातात काय घेऊन उठायचं.

दुसऱ्या फलकावर आठवड्याच्या सात रात्री आणि प्रत्येक रात्रीखाली सहा-सात नावं. ही रोंडा, गस्तीची पाळी. म्बाहच्या घरात पुरुष माणूस नसल्यामुळे तिचं नाव फलकावर नव्हतं. तिने आपला वाटा वेगळ्या तऱ्हेने ठरवून घेतला होता. पुतण्याच्या रात्री ती कसावा तळायची, मोगऱ्याचा वास असलेला गोडमिट्ट चहा किटलीत भरायची, आणि ते सगळं माझ्या हाती देऊन मला गार्डूवर पाठवायची. तिथे शाळामास्तर असत, एक दूधवाला, एक सालाकचा व्यापारी, दुसऱ्याच्या शेतात राबणारे दोघे भाऊ. डाव चाले, खताच्या भावावरून वाद होत, कुणीतरी घोंगडी ओढून तासभर झोपून घेई. मग दीड-दोनला सगळे बॅटऱ्या घेऊन उठत.

एकदा मी त्यांच्याबरोबर फिरले. बायका रोंडाला जात नाहीत, पण पाक एर-ते स्वतः येणार होते म्हणून चाललं. एर-ते म्हणजे शेजारगट, काही डझन घरांचा; पाक एर-ते हे त्याचे प्रमुख. त्यांचं नाव कुणी घेत नसे, पदच नाव झालेलं. बॅटरीचा झोत कुलपांवर थांबे, न्हाणीच्या उघड्या नळावर थांबे. गोठ्यापाशी सगळे उभे राहून गाईचा श्वास ऐकत. पाटाशी एक जण वाकला, फळी सरकवली आणि पाणी एका खाचरातून दुसऱ्या खाचरात वळवलं, कारण त्या शेताची पाण्याची वेळ रात्रीची होती आणि शेताचा मालक आजारी होता. नाणी पिशवीत पडत होती. एका घरी आत बाळ रडत होतं. पाक एर-ते क्षणभर थांबले, रडणं भुकेचं आहे अशी खात्री करून घेतल्यासारखी मान हलवली आणि पुढे निघाले. चोर पकडण्यासाठी निघालेली ती माणसं वाटत नव्हती. घरातलं मोठं माणूस झोपण्याआधी दारंखिडक्या पाहत फिरतं, तसं ते सगळ्या वाडीतून फिरत होते.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला इथे आपला गावगाडा आठवल्यावाचून राहत नाही. राखण आपल्याकडेही होतीच. रामोशी रात्री गावाभोवती फिरत, महार जागल्या वेशीवर बसे, आणि चोरीचा माग लावायची जबाबदारी त्यांच्याच माथी असे. गाव निजे आणि ठरावीक जातीचा माणूस जागे, तेही वतन म्हणून, पिढ्यान् पिढ्या. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या विधिमंडळात महार वतनाच्या जाचातून सोडवणारं विधेयक आणलं. ही कनिष्ठ वतनं कायद्याने रद्द व्हायला 1958 साल उजाडावं लागलं. जो सगळ्यांची घरं राखत होता त्याचं स्वतःचं घर वेशीबाहेर होतं. गार्डूतल्या फलकासमोर उभी असताना मला ते फार लागलं. त्या फलकावर मास्तर आणि मजूर एकाच रात्रीखाली होते. जावाचं खेडं समतेचं नंदनवन नाही. जमीनदार आणि भूमिहीन तिथेही आहेत, आणि पैसेवाला पाळी चुकवून दंड भरून मोकळा होऊ शकतो. तरीही झोपमोड वाटून घ्यायची असते ही गोष्ट तिथे लहान पोरालाही ठाऊक आहे, आणि गाव म्हणून जगायला ती फार मोठी गोष्ट आहे.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही मला सांगितली पाहिजे. शेजारगटांची आजची रचना आपसूक उगवलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी 1942 ते 1945 जावा ताब्यात ठेवलं, आणि 1944 मध्ये आपल्या देशातल्या शेजारगटांच्या धर्तीवर इथेही घरांचे गट पाडले, ते लोकांवर नजर ठेवायला, धान्य आणि मजूर गोळा करायला. जपानी गेले, गट राहिले. राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या राजवटीत 1980 च्या दशकात गस्तीच्या रिवाजाला सरकारी सुरक्षा योजनेचं रूप मिळालं आणि ठिकठिकाणी नवी गार्डू उभी राहिली. वाडीच्या कमानीवर आजही पाटी असते: पाहुण्याने चोवीस तासांत वर्दी द्यावी. मीही पहिल्याच संध्याकाळी पासपोर्टची प्रत घेऊन पाक एर-तेंच्या ओसरीवर गेले होते. त्यांनी चहा दिला, कुठून आले, लग्न झालंय का, तिखट चालतं का, सगळं विचारलं. त्या प्रश्नांत आपुलकी होती आणि नोंदही होती. जो डोळा राखतो तोच टिपतोही.

आणि तो डोळा फिरला तर काय होतं हे जावाने पाहिलं आहे. 1960 च्या जमीनविषयक कायद्याने कसणाऱ्याला जमीन देण्याचं वचन दिलं होतं. ते कागदावरच राहतं असं दिसल्यावर 1964 मध्ये डाव्या शेतकरी संघटनेच्या लोकांनी जमिनी स्वतःहून ताब्यात घ्यायला सुरुवात केली. आमच्या वाडीपासून जवळच असलेल्या क्लातेन जिल्ह्यात हा संघर्ष विशेष तीव्र होता. 1965 च्या ऑक्टोबरपासून पुढचे काही महिने लष्कराने आणि त्याने हाताशी धरलेल्या गटांनी कम्युनिस्ट ठरवलेल्या माणसांना वेचून मारलं. मृतांचा आकडा पाच लाखांच्या खाली कुणी फारसं धरत नाही. याद्या गावातच तयार झाल्या. रात्री दार वाजवणाऱ्यांत शेजारी होते. म्बाह तेव्हा विशीत होती. ती बैलाबद्दल बोले, जपान्यांच्या काळात आईने खाल्लेल्या कंदमुळांबद्दल बोले. त्या वर्षावरून मात्र तिची गोष्ट उडी मारून पुढे जाई. मी कधी विचारलं नाही. 1998 मध्ये जावाच्या पूर्व टोकाला, बान्युवांगीच्या बाजूला, जादूटोण्याच्या संशयावरून शंभराहून अधिक माणसं मारली गेली. आजही गावात सापडलेला चोर पोलीस पोहोचेपर्यंत जिवंत राहील याचा भरवसा देता येत नाही, अशा बातम्या तिथल्या वर्तमानपत्रांत येत राहतात. दोन-दोन ठोके ऐकून धावणारी माणसं एकमेकांसाठी धावतात, आणि त्याच वेगात एखाद्या कोवळ्या पोराला ठेचूनही टाकतात. मला ती वाडी प्रिय आहे, म्हणून हे नजरेआड करणं मला जमणार नाही. गाव जागं असणं पुरेसं नाही. जाग्या माणसांवर कायद्याचाही पहारा लागतो.

म्बाहच्या कपाटात लाल रंगाचा खोंग ग्वान बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. हा डबा इंडोनेशियातल्या घराघरांत असतो. बिस्किटं संपली की त्यात तांदळाचे तळलेले पापड भरतात. म्बाहच्या डब्यात कागद होते. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, कुटुंबपत्रिका, जमीनकराच्या पावत्यांची रबर लावलेली गड्डी, आणि सगळ्यांत खाली, लुंगीसारख्या नेसायच्या जुन्या जरिकच्या तुकड्यात गुंडाळलेलं हिरव्या वेष्टनाचं जमिनीचं प्रमाणपत्र, वर गरुडाचं राजचिन्ह. तिने ते मला दाखवलं तेव्हा आधी हात धुतले.

ते प्रमाणपत्र नवंकोरं होतं. त्याआधी पिढ्यान् पिढ्या तिच्या कुटुंबाचा पुरावा म्हणजे गावच्या कचेरीतल्या जाड वहीतली एक ओळ. ती वही मुळात वसाहतकाळातल्या जमीनकराची; कर कोण भरतो एवढंच ती सांगे, मालक कोण हे लोकांनी त्यावरून धरून चालायचं. योग्याकार्तात प्रश्न आणखी गुंतागुंतीचा, कारण तिथे अजून सुलतान आहेत. ज्या जमिनीवर दुसऱ्या कुणाची मालकी सिद्ध होत नाही ती सुलतानाची, असं 1918 सालचं फर्मान होतं, आणि 2012 च्या कायद्याने सुलतानाच्या आणि तिथल्याच पाकू आलाम या दुसऱ्या राजघराण्याच्या जमिनींना पुन्हा मान्यता मिळाली. 1975 च्या एका सरकारी सूचनेमुळे चिनी वंशाच्या इंडोनेशियन नागरिकांना योग्याकार्तात जमिनीची पूर्ण मालकी आजही नाकारली जाते. पिढ्यान् पिढ्या तिथेच राहून, तीच भाषा बोलून, त्याच मातीत पुरले जाऊनही. मालकीचा कागद कुणाला मिळतो यावरून देश कुणाला आपलं मानतो ते उघड होतं, आणि इथे तो देश अपुरा पडला आहे असं मला वाटतं.

2017 पासून इंडोनेशियात गावंच्या गावं एकदम मोजून नोंदवायची मोठी मोहीम सुरू झाली. मी तिथे असताना आमच्या वाडीची पाळी आली. मोजणीच्या दिवशी चारी बाजूंचे शेजारी आपापल्या कोपऱ्यात हजर राहिले. नियमच आहे तसा. खुंटी जिथे ठोकायची तिथे दोन्हीकडच्यांनी हो म्हणायचं आणि सही करायची. म्बाह छत्री घेऊन उभी होती. उत्तरेच्या कोपऱ्यात खुंटीची जागा ठरेना. शेजारी म्हणत होता फणसाच्या बुंध्यापर्यंत, म्बाह म्हणत होती बुंध्याच्या पलीकडे, कारण फणस तिच्या सासऱ्यांनी लावलेला. हातभर जमीन, त्यावर अर्धा तास. आवाज कुणी चढवला नाही. जावातली माणसं चिडली की आणखी हळू बोलतात. तिथे एक जुनी म्हण आहे: कपाळाला लावलेलं बोट आणि बोटभर जमीन, दोन्हींसाठी जीव पणाला लावावा. अखेर पाक एर-तेंनी तोड काढली. खुंटी फणसाच्या मुळाशी, शेजाऱ्याच्या बाजूने. फणस म्बाहचा, पण पलीकडे वाकलेल्या फांद्यांचं फळ शेजाऱ्याचं. प्रमाणपत्रावर यातलं अर्धंच लिहिलं आहे. बाकीचं अर्धं दर उन्हाळ्यात पाळलं जाईल, तोवर ते खरं.

1960 च्या त्याच जमीन कायद्याच्या सहाव्या कलमात एक छोटं वाक्य आहे: जमिनीवरच्या सर्व हक्कांना सामाजिक कार्य असतं. कायदे करणाऱ्यांनी त्यात काय काय पाहिलं असेल ते असो. मला त्याचा अर्थ म्बाहच्या परसातल्या झाडलेल्या वाटेवर दिसे.

कागदाची ताकद मात्र कमी लेखता येत नाही, कारण तो नसला की माणूस नुसता उचलून बाजूला ठेवला जातो, आणि असला तरी पैसा समोर येऊन उभा राहतो. 2021 च्या फेब्रुवारीत पूर्व जावातल्या तूबान जिल्ह्यातल्या सुमुरगेनेंग गावाचे व्हिडिओ देशभर पाहिले गेले. तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी जमिनी विकून कोट्यवधी रुपिया हाती आलेल्या गावकऱ्यांनी एकदम नव्या गाड्या घेतल्या होत्या, आणि ट्रकवर लादलेल्या त्या गाड्यांची रांग गावात शिरत होती. लोक हसले, हेवाही केला. वर्षभराने त्याच भागातले लोक कारखान्यात काम द्या म्हणून रस्त्यावर उतरले. जमीन विकल्याची खंत काहींनी बोलून दाखवली. त्यांना हसणाऱ्यांचा मला राग येतो. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या हातात एकगठ्ठा पैसा कधी पडला नाही, त्यांना पीक म्हणजे दर हंगामाचं आश्वासन आणि रोकड म्हणजे एकदाच येणारा पाऊस हे आधी कोण समजावणार होतं? जमीन गेली की पाटाच्या पाण्याची पाळी जाते, खाचराच्या बांधावर भेटणारा शेजारी जातो, आणि कापणीला बोलावलेल्या मजुराचा धान्यातला वाटाही जातो. त्याची भरपाई कुठल्याच मोजणीत धरलेली नसते.

डोंगराशी तर कागदाचं काहीच चालत नाही. मेरापी 2010 च्या 26 ऑक्टोबरला फुटला. किनाहरेजो वाडीत राहणारे म्बाह मारिजान, सुलतानाने नेमलेले डोंगराचे राखणदार, घर सोडून निघाले नाहीत आणि त्या संध्याकाळी उतरलेल्या तप्त ढगात गेले. 5 नोव्हेंबरचा स्फोट त्याहून मोठा होता. धोक्याची हद्द 20 किलोमीटरपर्यंत वाढवावी लागली. एकूण साडेतीनशेच्या आसपास माणसं दगावली, लाखो विस्थापित झाली. आमची म्बाह तेव्हा माग्वोहार्जोच्या फुटबॉल स्टेडियममध्ये होती, गॅलरीखालच्या बोळात चटईवर. बरोबर आणलं होतं ते एवढंच: बिस्किटांचा डबा, नमाजाची पांढरी वस्त्रं, आणि एक कोंबडी, जी दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी भाताबरोबर शिजली असावी असं ती हसून सांगे.

वरच्या वाड्यांतली माणसं मात्र पुन्हा पुन्हा डोंगर चढत राहिली. गाईंसाठी. मेरापीच्या उतारावर दुभती गाय म्हणजे मुलाची फी, आईचं औषध, घराचं कौल. बँकेत काही नसतं, गोठ्यात असतं. छावणीत जेवण मिळतं, गाईला वैरण कोण घालणार? पोलीस रस्ता अडवत आणि माणसं शेतांतून वर जात. दूर शहरात बसून याला अडाणीपणा म्हणणं सोपं आहे. ज्याची सारी पुंजी श्वास घेते, हंबरते आणि वाट पाहते, त्याला ती सोडून ये म्हणताना आपण काय मागतो आहोत हे आधी समजून घ्यायला हवं. सरकारलाही ते उमगलं. गुरं विकत घ्यायची योजना तेव्हाच जाहीर झाली. उद्ध्वस्त वाड्यांतल्या कुटुंबांना खाली नव्या वसाहतींत घरं मिळाली. वरची जमीन त्यांच्याच मालकीची राहिली: चारा कापावा, झाडं लावावीत, मुक्काम करू नये. मालक आहे पण तिथे निजता येत नाही, अशी ही विचित्र मालकी त्यांनी स्वीकारली, कारण डोंगराने मोजणी स्वतः केली होती.

त्याआधी 2006 च्या 27 मेला पहाटे, सहा वाजण्याच्या आत, दक्षिणेला बांतुलमध्ये भूकंप झाला होता. साडेपाच हजारांहून अधिक माणसं गेली, लाखाहून अधिक घरं कोसळली. त्यानंतर घरं उभी राहिली ती एका वेळी एक घर, दहा-पंधरा घरांच्या गटाने मिळून. आज तुझं, उद्या माझं; आधी विधवेचं, आधी म्हाताऱ्याचं. पैसा सरकारचा आणि देणगीदारांचा, हात शेजाऱ्यांचे. पेल्यात नाणं टाकायची सवय असलेल्या गावांना हे शिकवावं लागलं नाही.

आता ही सवय विरळ होत चालली आहे. आमच्या वाडीतल्या फलकावरची नावं तीच आहेत, पण त्यातले निम्मे तरुण जकार्त्यात, कोरियात, तैवानमध्ये आहेत. पाळीऐवजी पैसे भरणं वाढलं आहे. गार्डूवर दोन कॅमेरे लागले, गटाचा व्हॉट्सअॅप समूह झाला, आणि त्यात रात्री कुणी टाकलेला निरोप सकाळी वाचला जातो. मी कॅमेऱ्याच्या विरोधात नाही. ज्या शेतमजुराला पहाटे चारला उठायचं आहे त्याने रात्रही जागून काढावी असं सांगायचा मला काय अधिकार? पण दूधवाल्याच्या गोठ्यात आग लागली त्या रात्री केंतोंगानचे तीन-तीन ठोके पडले आणि बादल्या घेतलेली माणसं चपला न घालता धावत आली, हे मी पाहिलं आहे. गाई वाचल्या. एवढ्या अंधारात कुणाला दोर सोडायचा, कुणाला पाट फोडायचा, हे सांगावं लागलं नाही, कारण गोठ्याची दोरी कुठल्या खांबाला असते हे रोज रात्री पाहणारी माणसंच ती होती.

म्हणूनच मेरापीच्या पश्चिमेला मागेलांग जिल्ह्यात जे घडलं त्याने मला धीर येतो. 2010 च्या पळापळीनंतर तिथे डोंगरावरच्या गावांनी खालच्या गावांशी भावकीचे करार केले. डोंगर तापला की वरच्या गावाने खालच्या ठरलेल्या गावात जायचं. कुठल्या सभागृहात निजायचं, गुरं कुठे बांधायची, वैरण कुठून आणायची, हे आधीच ठरलेलं. 2020 च्या 5 नोव्हेंबरला मेरापीचा इशारा पुन्हा वरच्या पातळीवर गेला तेव्हा क्रिंजिंग गावचे म्हातारे, गरोदर बायका आणि लहान मुलं देयांगानला उतरली. साथीचा काळ होता, म्हणून निजायच्या जागा पडद्यांनी वेगळ्या केलेल्या. दहा वर्षांपूर्वी वाट फुटेल तिकडे पळालेली माणसं या वेळी कुठे जायचं हे ठाऊक असलेली निघाली होती, आणि जिथे पोचली तिथे त्यांची वाट पाहिली जात होती.

म्बाहच्या डब्यातल्या प्रमाणपत्रावर तिचं काय आहे ते लिहिलं आहे: इतके चौरस मीटर, अमुक हद्दी, अमुक सह्या. तो कागद तिला फार उशिरा मिळाला, आणि तो प्रत्येकीला मिळाला पाहिजे, आडनाव आणि वंश न विचारता. भावगावांच्या करारावर दुसरं काहीतरी लिहिलेलं असतं: सगळं सोडून निघावं लागलं तर आपण कुणाच्या दारी हक्काने जाऊ शकतो, आणि उद्या कुणी आपल्या दारी येऊ शकतं. आपल्या शहरांत, आपल्या गावांत पहिल्या कागदासाठी आपण आयुष्य वेचतो, कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो. दुसरा कागद आपल्यापैकी किती जणांकडे आहे? तो कुठल्या कचेरीत मिळत नाही. रोज थोडी झोप देऊन, थोडं नाणं देऊन, शेजाऱ्याच्या पाटाची फळी सरकवून तो हळूहळू तयार होतो. जावाच्या त्या उतारावर तो अजून तयार होतो आहे, तो तसा होत राहावा, आणि त्यासाठी तिथे थांबणाऱ्या तरुणांना गावातच पोटापुरतं मिळावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.